बंद फ्रीझरमधला बर्फ

इथले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलंय, भूतखेत, चमत्कार काही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण तेव्हा तिथे आम्ही चौघं होतो… चौघांना एकदम भास कसा होईल?

२००३-०४ चा सुमार. नाशिकच्या एका संशोधन संस्थेत मी आणि घोटीची संगीता प्रोजेक्टला होतो. भातावर करपा पाडणाऱ्या बुरशीचा जनुकीय अभ्यास. पावसाळाभर घोटीच्या शेतांतून रोगट पानं आणली, बुरशी वाढवली, डीएनए काढला. बुरशीच्या आणि डीएनएच्या सगळ्या ट्यूब्ज डीप फ्रीझरमध्ये ठेवून दिवाळीला घरी गेलो.

परतलो तर गेटवरच वॉचमनमामा म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर जळाला पोरींनो. सगळी दिवाळी अंधारात गेली. लाईट आत्ता आली बघा."

जिना चढता चढता संगीता म्हणाली, "संपलं गं… शेतं कापून झाली. आता करपा पुढच्या पावसाळ्यात. घरचे या वर्षापुरतंच हो म्हणालेत, पुढं लग्नासाठी नाय थांबायचे."

शेजारच्या लॅबमधून कुजका वास येत होता. आमच्या लॅबची किल्ली फक्त आमच्या गाईड सरांकडे. आम्हा दोघींच्या आणि मामांच्या देखत त्यांनी कुलूप काढलं, फ्रीझरचं झाकण उचललं — आणि गार वाफ तोंडावर आली! कडांना पांढराशुभ्र बर्फ. ट्यूब्ज दगडासारख्या गोठलेल्या.

"लाईट आल्यावर परत गोठलं असेल," मी म्हणाले.

"इतक्यात? आणि आवाज कुठाय?" सर म्हणाले.

खरंच, फ्रीझर चालूच नव्हता. आम्ही घाईघाईने ट्यूब्ज बर्फाच्या डब्यात भरून दुसऱ्या विभागात हलवल्या. दुपारी मेकॅनिक आला. "कॉम्प्रेसर जळालाय. लाईट गेली तेव्हाच गेला असणार." तोवर आतल्या बर्फाचं पाणी झालं होतं.

जाड इन्सुलेशन म्हणावं, तर शेजारच्या लॅबच्या तसल्याच फ्रीझरमधलं सगळं पार नासलं होतं.

पुढच्या आठवड्यात जेलवर डीएनएचे पट्टे लख्ख उमटले, म्हणजे डीएनए शाबूत होता. संगीता हसता हसता रडायला लागली.

ती आता कॉलेजात शिकवते. सर आणि मी भेटलो की अजून यावर वाद घालतो. खरं सांगू? भीती कधी वाटलीच नाही, हायसंच वाटलं. संगीता तर आम्हाला गप्पच करते — "कुणी का राखलं असंना… राखलं ना?"