दोन फेरे सैल

चावीवाला एकतीस वर्षं एकच काम करत आला: सकाळी हातभर लांब लोखंडी चावीने गल्लीला पाणी सोडायचं आणि दोन तासांनी बंद करायचं. पण गच्च नाही, दोन फेरे सैल. तो नोकरीला लागला त्या वर्षी अर्धी गल्ली जुलाब-उलट्यांनी आडवी झाली होती. तेव्हा म्हाताऱ्या मुकादमाने त्याला खड्ड्यात उतरवून तुंबलेल्या गटारातून गेलेला नळ दाखवला होता. "हा सांधा कुजलाय. नळ भरलेला असला की पाणी बाहेर गळतं, रिकामा झाला की गटार आत ओढतो. सांधा बदलून मिळेस्तोवर रिकामा ठेवू नकोस, बाबा."

मुकादम गेला, सांधा तसाच राहिला.

यंदा नवे साहेब आले. पाण्याची नासाडी नको म्हणून त्यांनी चावी गच्च आवळायला लावली. चावीवाल्याने सांध्याचं सांगितलं, तर साहेबांनी घड्याळ पाहिलं. आठव्या दिवशी गल्ली पुन्हा आडवी! आणि टाळं कुणाला लागलं? कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीला. टपरी चावीवाल्याच्या विधवा बहिणीची. तिच्या घरची चूल त्या टपरीवरच पेटायची.

"अहो साहेब, सगळ्या गल्लीत उकळलेलं तेवढंच मिळत होतं, तेच बंद केलंत?" चावीवाल्याने विचारलं.

"कप कशात धुते ती?"

"तुम्ही सोडायला लावता त्याच पाण्यात."

"ह्या लोकांना सवयच नाही स्वच्छतेची," साहेब म्हणाले आणि फाईल मिटली.

चावीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळाचं कुणी पिऊ नका, असं त्याने दारोदार बजावलं. हुकमाप्रमाणे चावी गच्च आवळली आणि सांध्यापाशी गटारात खायच्या लाल रंगाच्या दोन बादल्या ओतल्या. सकाळी पाणी सोडलं. साहेबांचं ऑफिस त्याच नळावर. टेबलावरचा तांब्या गुलाबी झाला.

"हे काय आहे?"

"गटार, साहेब. रोजचंच आहे. आज दिसतंय एवढंच."

दुपारी खड्डा खणला, संध्याकाळी सांधा बदलला. एकतीस वर्षांचं काम अर्ध्या दिवसाचं निघालं. टपरीचं टाळंही निघालं. आणि चावीवाल्याच्या हातात नोटीस पडली.

ती त्याने बहिणीच्या बाकावर बसून वाचली.

"काय लिहिलंय रे दादा?"

"सरकारी पाण्यात रंग घातला म्हणून."

"आणि इतके दिवस घाण पाजली, त्याचं?"

त्याने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.