एक्केचाळीस नंबरच्या घराचा ताबा

नोकरीतल्या बहुतेक सकाळी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. त्या एका सकाळचं मात्र तसं झालेलं नाही. मे महिना होता. अमरावतीच्या कडेला असलेल्या एका पोलीस ठाण्याचा मी ठाणेदार होतो आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

हजेरी झाली, दिवसाची कामं वाटून झाली. त्या दिवशी तीन बंदोबस्त होते: एक मिरवणूक, एक उद्घाटन आणि एक ताबा. थकलेल्या कर्जापोटी गृहकर्ज कंपनी घराचा ताबा घेते तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावरून नायब तहसीलदार हजर असतात आणि पोलीस बाजूला उभे राहतात. असे ताबे मी कितीतरी पाहिले होते. कागद बरोबर असतो, घरातली माणसं रडतात, कुलूप लागतं, आम्ही स्टेशन डायरीत 'शांततेत पार पडले' असं लिहितो.

मी मिरवणुकीकडे निघायच्या बेतात असताना टेबलावरचा फोन वाजला.

"साहेब, तुमी आज ज्या घराले कुलूप लावाले जाऊन राहिले, ते त्या मानसाचं नाहीच."

"कोण बोलतंय?"

"ते राहू द्या. मी सरकारी नोकर हावो. चार पाकिटं आली त्या नावाची अन् चारई वापस गेली. तिथं त्या नावाचा मानूस कधीच नोयता."

फोन बंद झाला. निनावी फोन दहा आले तर नऊ भाऊबंदकीचे असतात. पण भाऊबंदकीचा फोन लांबलचक असतो आणि त्यात शिव्या असतात. हा माणूस मोजकं बोलला होता. मी दुसऱ्या अधिकाऱ्याला पाठवायचं रद्द करून स्वतः गाडीत बसलो.

घर साधं, दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. घरमालकाचं बाजारात फुलांचं दुकान होतं. बायको घरी बसून हार गुंफायची. पडवीत झेंडूचा ढीग पडलेला, अर्धा गुंफलेला हार तसाच सोडलेला. म्हातारे सासरे बाजेवर बसून होते आणि उठायला तयार नव्हते. त्या भिंतींच्या विटा त्यांनी स्वतः रचल्या होत्या. दाराशी कंपनीचे प्राधिकृत अधिकारी कोट घालून उभे होते. अमरावतीत मे महिन्यात कोट घालणारा माणूस एकतर नवरदेव असतो, नाहीतर मुंबईहून आलेला असतो. सोबत कुलूपवाला, व्हिडिओवाला आणि भिंतीला ठोकायचा 'ही मालमत्ता कंपनीच्या ताब्यात आहे' असा फलक.

फुलवाल्यानं ट्रंकेतून खरेदीखत काढून माझ्या हातात दिलं. त्यावर प्लॉट नंबर एक्केचाळीस, नाव त्याचंच. आदेशातही प्लॉट नंबर एक्केचाळीस, मौजा तोच, नाव मात्र अकोल्याच्या कुणा भलत्याच गृहस्थाचं.

त्याचा उलगडा बाजेवरच्या बाबांनी केला. ती सगळी जमीन पूर्वी दोन भावांची. वाटणी झाली तेव्हा दोघांनीही आपापल्या तुकड्यावर प्लॉट पाडले आणि दोघांनीही नंबर एकपासून सुरू केले. "त्याच्या पुढून मोजलं असतं तं लहानपन आलं असतं ना बापा," बाबा म्हणाले. त्या रुसव्यामुळे मौजा एकच, रस्ता एकच आणि एक्केचाळीस नंबरचे प्लॉट मात्र दोन. दुसरा नाल्यापलीकडे.

"मग आलेल्या नोटिसा परत का केल्या?" मी त्या बाईंना विचारलं.

"नाव आमचं नाई साहेब. दुसऱ्याचं पाकीट आमी काहून फोडाव? मी पोस्टमनले म्हनलं, घेऊन जाय भाऊ, ज्याचं हाये त्याले दे."

चारही वेळा त्या माउलीनं इमानदारीनं पाकीट परत केलं होतं आणि चारही वेळा कंपनीच्या फायलीत 'कर्जदार नोटीस टाळतो' असं नोंदलं गेलं होतं. कोपऱ्यावर सायकल धरून खाकी कपड्यांतला एक पोस्टमन उभा होता. माझी नजर जाताच तो चाकातली हवा तपासायला लागला. मी त्याला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही.

कोटवाल्या साहेबांकडे मात्र हुकमाचं पान होतं. "ही माणसं कर्जदाराची भाडेकरू आहेत. हा आमचा मूल्यांकन अहवाल. याच घराचा फोटो, दारात कर्जदार स्वतः उभे." फोटो खरा होता. तेच दार, मागे झेंडूच्या माळा, आणि उंबऱ्यात पांढऱ्या शर्टातला एक हसरा गृहस्थ.

फुलवाल्याचा चेहरा पडला. "मी याले पायलंच नाई कधी," एवढंच तो म्हणाला.

नायब तहसीलदार सरळ माणूस होते, पण घाबरट. "ठाणेदारसाहेब, मी काही दिवाणी न्यायालय नाही. मोजणी आणायला महिने लागतील आणि माझा आदेश आजचा आहे. पाच वाजेपर्यंत थांबतो. तोवर कागद किंवा माणूस आणा. नाहीतर माझा नाइलाज आहे."

घड्याळात साडेदहा झाले होते.

मी तो फोटो पुन्हा पाहिला. गुन्ह्याच्या तपासात माणूस चेहरा पाहतो, मी त्या दिवशी हात पाहिले. त्या गृहस्थाच्या डाव्या हातात स्टीलची ताटली होती, ताटलीत पाण्याचा ग्लास आणि बाजूला गुळाचा खडा.

"बाई, तुमच्याकडे घरच्या माणसाला पाणी कसं देता?"

"घरच्याले कोन देते? थो घेते माठातून आपल्या हातानं."

"आणि पाहुण्याला?"

"पावन्याले ताटलीत, गूळ ठेवून." मग त्यांनी फोटो माझ्या हातातून ओढूनच घेतला. "बापा! हे तं माही ताटली हाये! हा तं थो मोजनीवाला! घरपट्टीची मोजनी कराले आलो म्हने. संग एक जन होता टेप घेऊन. उन्हातून आला, पानी मांगतलं, मी गूळपानी देल्लं. पानी पेला अन् दारात उभा राहून फोटो काढला. म्हने, नगरपालिकेत लावा लागते."

सासरे बाजेवरून ओरडले, "अन् त्याच पान्यावर घर पेला लेकाचा!"

तिथेच पडवीत बसून मी त्यांची फिर्याद लिहून घेतली आणि गुन्हा नोंदवायला ठाण्यात पाठवली. आता माणूस हवा होता. कंपनीच्या कागदावरचा त्याचा फोन बंद होता, अकोल्याच्या पत्त्यावरून तो केव्हाच निघून गेला होता. तेवढ्यात आमची महिला शिपाई माझ्या खांद्यावरून डोकावली. ती रोज अकोल्याहून ये-जा करायची.

"साहेब, हा तं मले रोज दिसते!"

"कुठे?"

"अकोल्याच्या बसस्टँडसमोर, बॅनरवर. हात जोडून उभा रायते. आज सत्कार हाये त्याचा, बारा वाजता. बेघर लोकाईले घर देते म्हने."

फरार माणसांना मी शेतात, लॉजमध्ये, सासुरवाडीत शोधलं आहे. चौकात स्वतःचा पंधरा फुटी पत्ता टांगणारा फरार तोवर पाहिला नव्हता.

आम्ही लगेच अकोल्याकडे निघालो. आमचा चालक एरवी दर वीस मिनिटांनी चहा मागायचा, त्या दिवशी त्यानं मूर्तिजापूर मागे टाकेपर्यंत गाडी थांबवली नाही. अकोल्याच्या ठाण्याला मी फोनवर कळवलं होतं, त्यांचा एक हवालदार सभागृहाच्या दारात भेटला. आत सव्वा तास उशिरानं कार्यक्रम सुरू झाला होता. आपल्याकडच्या सत्कारांच्या या सवयीला मी जन्मभर नावं ठेवली, त्या दिवशी तिचे आभार मानले.

वक्ते सांगत होते की सत्कारमूर्तींनी शेकडो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर दिलं. शाल घातली गेली, श्रीफळ दिलं गेलं, टाळ्या झाल्या. मी टाळ्या संपू दिल्या. मग व्यासपीठाच्या पायरीशी जाऊन हळूच म्हणालो, "साहेब, अमरावतीच्या तुमच्या घराबद्दल बोलायचं होतं."

ते हसले. "कोनतं घर?"

"एक्केचाळीस नंबर."

हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं.

अकोल्याच्या ठाण्यात ते नारळ मांडीवर घेऊन बसले. आधी ओळखी सांगून झाल्या. आमदारांपासून सुरुवात झाली आणि मी लिहून घेत नाही असं दिसल्यावर बंद पडली. चौकशीत मारहाण लागते असं सिनेमावाल्यांना वाटतं. माणसाला आपल्याच घराबद्दल बोलू द्यावं, तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

"ते लोक कोण?"

"माझे भाडेकरू."

"किती वर्षांपासून?"

"सात."

"अहवाल अडीच वर्षांपूर्वीचा. त्यात लिहिलंय, कर्जदार स्वतः कुटुंबासह राहतात."

"हां, तेव्हा मीच रायत होतो. भाडेकरू मागून आले."

"छान. हा फोटो तेव्हाचा. हातात काय आहे?"

"पाणी."

"कुणी दिलं?"

"बायकोनं. दुसरं कोन देनार?"

"तुमच्या पत्नी तुम्हाला तुमच्याच दारात उभं करून ताटलीत गूळ ठेवून पाणी देतात?"

मागे उभा असलेला अकोल्याचा हवालदार न राहवून म्हणाला, "नशीबवान हायत साहेब. माही तं मले माठाकडं बोट दाखवते."

ठाण्यातले सगळे हसले. सत्कारमूर्ती हसले नाहीत. मी महिला शिपाईला खूण केली. तिनं अमरावतीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर त्या बाई होत्या, मागे कुलूपवाला बिडी ओढत बसलेला.

"बाई, यांना ओळखता?"

"हाच थो! ओ मोजनीवाले भाऊ, काहून आमच्या जीवावर उठले? मी तुमाले पानी देल्लं ना!"

त्यांनी मान खाली घातली. माझ्या पंचवीस-तीस वर्षांच्या अनुभवात आरोपी पुराव्यानं खचतो त्यापेक्षा असल्या एखाद्या प्रश्नानं जास्त खचतो. दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. नाल्यापलीकडचा एक्केचाळीस नंबरचा मोकळा प्लॉट त्यांच्या नावावर होता. मोकळ्या जागेवर एवढं कर्ज मिळत नाही, म्हणून बांधलेलं घर दाखवलं. टेपवाला मूल्यांकनाचा माणूस खोलात गेला नाही. खोलात न जाण्यासाठी त्याला काय मिळालं, ते पुढे तपासात निघालं. कर्जाच्या पैशांतून घरं मिळवून देण्याची एजन्सी उघडली आणि एजन्सीतून समाजसेवा.

"प्लॉट दाखवता?"

"दाखवतो."

परतीचा रस्ता मात्र संपता संपेना. बडनेऱ्याजवळ एक वरात आडवी आली. मी आयुष्यात प्रथमच एका नवरदेवाला घोड्यावरून बाजूला व्हायला सांगितलं. त्याच्या मामानं मला जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. ट्रंक, गाद्या, बाज, शिलाई मशीन, सगळं रस्त्यावर आलं होतं. शेजाऱ्यांनी मदत म्हणूनच काढून ठेवलं होतं, कुलूप लागल्यावर आत अडकू नये म्हणून. बाबा अजून बाजेवरच होते. त्यांना बाजेसकट उचलून आणलं होतं. कुलूपवाल्यानं कडी मोजून ठेवली होती.

दोन पंचांसमोर त्या गृहस्थांनी शाल खांद्यावर तशीच ठेवून नाला ओलांडला आणि बोट दाखवलं. बाभळी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि सावलीला बसलेली एक म्हैस. नायब तहसीलदारांनी पंचनामा लिहिला, सही केली आणि दिवसभरात पहिल्यांदा टोपी काढून घाम पुसला. आदेशातली मिळकत ते घर नव्हे, सबब ताबा घेतला नाही. कोटवाले साहेब हातात कुलूप घेऊन बाभळीकडे बघत राहिले. लावायला तिथे दारच नव्हतं. शेवटी त्यांनी फलक जमिनीत ठोकला. म्हैस हलली नाही.

नाल्याअलीकडे आरडाओरडा सुरू झाला होता. पोस्टमन एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात गादी घेऊन पडवीत शिरत होता. फुलवाला रडत होता आणि हसतही होता. त्या रात्री स्टेशन डायरीत नोंद करताना मला मनापासून आनंद झाला होता, हे कबूल करायला आता वरिष्ठांची परवानगी लागत नाही.

खटला अजून चालू आहे. त्या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर लोकांची अपेक्षा असते की मी गुळाच्या खड्याबद्दल बोलेन, बारीक नजरेबद्दल बोलेन. पण मला आठवतं ते दुसरंच. त्या आदेशावरची प्रत्येक सही खरी होती. प्रत्येकानं आधीच्याची सही पाहून आपली केली होती. त्या दारात उभं राहून 'तुम्ही कोण?' एवढं विचारणारा पहिला माणूस पोस्टमन होता. त्या फोनआधी मी कितीतरी ताब्यांना बंदोबस्त दिला आणि एकाही घरात तो प्रश्न विचारला नाही. ती सगळी घरं कर्जदारांचीच असतील, बहुधा. पण 'बहुधा' हा शब्द मी आता छातीठोकपणे लिहू शकत नाही.

तुळशीची लग्नं आटोपल्यावर मी सहज त्या बाजूनं गेलो. नांदगाव खंडेश्वरला फुलवाल्याच्या भाचीचं लग्न होतं. अर्धं घर सकाळी जाऊन आलं होतं, उरलेलं अर्धं संध्याकाळी जाणार होतं.

"सगळे एकदम का नाही गेलात?" मी विचारलं.

बाईंनी हातातला हार बाजूला ठेवला. "घरी कोनी तरी पाह्यजे ना साहेब," त्या म्हणाल्या. "आमच्या मांगं आलं कोनी, तं सांगाले, का आमी इथंच रायतो."