आधी प्रश्न तर कळू द्या

मॅट्रिकच्या वर्षी माझ्या मानेला गाठी आल्या. काटोलच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि रोजची इंजेक्शनं सुरू झाली. गाठी विरल्या, अंगावर मांस चढलं, मी वाचले. आणि त्याच महिन्यांत माझे कान गेले. एकदम नाही गेले. आधी चिमण्या गेल्या. मग सायकलची घंटी, मग बायकांचे आवाज, त्यात आईचाही. बाबांचा जाड आवाज सगळ्यांत शेवटी गेला. काही दिवस तर घरात मला फक्त तेच ऐकू येत होते, तेही विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे.

डॉक्टर म्हणाले, औषधानं असं होतं कधीकधी, जीव वाचला हे महत्त्वाचं. ते खरंच होतं. त्यामुळे कानांसाठी रडण्याची आमच्या घरात कुणाची हिंमत झाली नाही.

ओठ वाचायला मी आईकडून शिकले. म्हणजे तिनं शिकवलं नाही; ती फक्त माझ्या हनुवटीला हात लावून माझं तोंड स्वतःकडे वळवायची आणि मग बोलायची. बाबा, मामा, पापा हे सगळं ओठांवर सारखंच दिसतं. 'क' आणि 'ग' तर दिसतच नाहीत, ते घशातल्या घशात राहतात. बाकीचं अंदाजानं भरून काढायचं. घरची बोली लहानपणापासून कानात मुरलेली होती, म्हणून घरात माझं निभावलं. बाबा मात्र माझ्याशी बोलायचेच कमी झाले. मोठ्यानं ओरडावं लागतं असं त्यांना वाटे, आणि पोरीवर ओरडणं त्यांच्यानं होत नव्हतं.

तरी नागपूरला कॉलेजात जायचं मी सोडलं नाही. सत्तरच्या आसपासची ती वर्षं. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वनस्पतिशास्त्राचे सर विभागप्रमुख होते आणि फार चांगले शिकवतात असं सगळे म्हणत. मी पहिल्या बाकावर बसले. सर फळ्याकडे वळले, रंगीत खडूंनी खोडाचा आडवा काप काढू लागले, आणि तासभर फळ्याशीच बोलले. मागून त्यांच्या मानेची एक शीर हलताना दिसायची, त्यावरून ते बोलताहेत एवढं समजे. मुली भराभर लिहून घेत होत्या. मी चित्र उतरवून घेतलं.

असे काही आठवडे गेल्यावर मी सरांना भेटायचं ठरवलं. प्राध्यापकांच्या खोलीत गेले. तिथे इतर चारदोन जण बसलेले होते, म्हणून मी अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, मला ऐकू येत नाही. मी ओठ पाहून समजून घेते. बोलताना आपण वर्गाकडे तोंड केलंत तर बरं होईल."

खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. एकाच्या हातातला कप तसाच थांबला. तेव्हा मला कळलं की मी हळू बोललेच नव्हते. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की तो कुठवर चाललाय याचा पत्ता लागत नाही. माझं बहिरेपण मी त्या खोलीत अक्षरशः ओरडून सांगितलं होतं.

सर उठून उभे राहिले. "हो हो, अवश्य," असं काहीसं म्हणाले. दोन दिवस त्यांनी पाळलंही. तिसऱ्या दिवशी चित्र काढण्यात रंगले आणि विसरले. मी पुन्हा गेले. पुन्हा एक-दोन दिवस बरे गेले. कुठलीही गोष्ट एकदा मागणं सोपं असतं हे मला तिथे समजलं. तीच गोष्ट दुसऱ्यांदा मागताना आपण उपकार विसरलेले ठरतो, आणि तिसऱ्यांदा मागताना कटकटे. तिसऱ्या वेळी सर चिडले.

"वर्गात तुम्ही एकट्याच आहात का?" ते म्हणाले. "बाकीच्यांचं मी काय करू?"

रागावलेलं माणूस फार स्पष्ट बोलतं. त्यातला एकही शब्द माझा सुटला नाही.

त्यानंतर मी मागणं सोडलं. शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेऊ लागले, पुस्तकं वाचू लागले. लेखी परीक्षेचं मला भय नव्हतं. भय होतं ते प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेचं, कारण तिला बाहेरगावचे परीक्षक यायचे. प्रश्न लिहून विचारता येतील का, असं मी सरांना आधी विचारलं होतं. "ते परीक्षकांच्या हातात आहे," ते म्हणाले.

परीक्षकांना भरघोस मिशी होती. वरचा ओठ दिसतच नव्हता, आणि तोंडात पान. मी उभी राहून विनंती केली. ते हसले, सरांकडे वळले, आणि दोघं आपसात काहीतरी बोलले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी टेबलावरच्या ट्रेमधल्या एका फांदीकडे बोट दाखवलं आणि मिशी हलली. मी अंदाजानं नाव सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मिशी पुन्हा हलली. त्यांनी बहुधा वनस्पतीचं कूळ विचारलं होतं, किंवा पानांची रचना, किंवा आणखी काही. मला ते सगळं येत होतं. मी गप्प उभी राहिले. त्यांनी हातानंच मला जायला सांगितलं.

लेखी विषयांत मी पास झाले, प्रात्यक्षिकात नापास. वर्ष गेलं.

मी काटोलला परतले. निकाल ऐकून बाबा ओसरीवर जाऊन बसले. मग आईच्या तोंडून त्यांचं म्हणणं माझ्यापर्यंत आलं: आता घरीच राह्य. मी आईला म्हटलं, "बाबाले म्हण, मी पुन्हा बसतो. पण सरांले भेटाले माह्यासंग चाला."

ते आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. सरांच्या खोलीत त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि हात जोडले. "साहेब, पोरीले ऐकू येत नाई जी. गरिबावर दया करा. पास करून टाका एकडाव."

त्यांचे ओठ थरथरत होते, तरी हे मला वाचता आलं, आणि अंगाची लाही लाही झाली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सर, मला पास करू नका," मी म्हणाले. आवाज मोठा लागला असेल तर लागू दे, असं त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं. "उत्तर येतं की नाही ते नंतर बघा. आधी प्रश्न तर कळू द्या."

सरांनी पिशवी उचलून बाबांच्या हातात परत दिली, त्यांना खुर्ची दिली. मग माझ्यासमोर नीट बसून, सावकाश, ते म्हणाले, "तुम्हाला नेमकं काय पाहिजे, ते सांगा."

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं: तोंडी परीक्षेत प्रश्न कागदावर लिहून मिळावेत; आणि वर्गात चित्र काढून झाल्यावर वळून बोलावं. एवढंच. बाबा आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होते.

"आणि परीक्षक नाही म्हणाले तर?" सरांनी विचारलं.

"तर आपण त्यांच्याशी बोला, सर."

त्या वर्षी सर वर्गात अधूनमधून विसरतच राहिले. पण मी बाकावर पेन्सिल उभी धरली की वळत. पुढच्या परीक्षेला वेगळे परीक्षक आले, वयस्कर, सोनेरी काडीचा चष्मा घातलेले. माझी विनंती ऐकताच त्यांच्या कपाळावर आठी पडली. सर त्यांना घेऊन व्हरांड्यात गेले. दार लोटलेलं होतं. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मुलींना कदाचित ऐकू आलं असेल. मी त्यांना कधी विचारलं नाही. दोघं परत आले तेव्हा परीक्षकांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

त्यांचं अक्षर इतकं बारीक होतं की मला वाकून वाचावं लागलं. पहिलं उत्तर दिलं तेव्हा त्यांनी तळहातानं आवाज खाली करायची खूण केली. दुसऱ्याला मान डोलावली. मग ते लिहीतच गेले, प्रश्न अवघड होत गेले, आणि कागदाची एक बाजू भरली. शेवटी त्यांनी एक वाळलेलं फूल पुढे सरकवून त्याचं कूळ विचारलं. मी पाकळ्या मोजल्या, विचार केला, उत्तर दिलं. ते चुकलं. त्यांनी बरोबर नाव कागदावर लिहून दाखवलं.

मी चुकले होते, कारण मला ते येत नव्हतं. वर्गातली कुठलीही मुलगी चुकली असती तशी मी चुकले होते. त्या कागदाकडे पाहताना माझे डोळे भरून आले, आणि परीक्षकांना वाटलं की मला वाईट वाटलं. त्यांनी घाईनं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मी पास झाले, पुढे पदवीही घेतली, आणि बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत काम केलं. तिथेही मागावं लागलंच, पुन्हा पुन्हा. त्याची सवय झाली, पण त्यातला जडपणा कधी पुरता गेला नाही.

त्या तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं घरी गेले तेव्हा बाबा अंगणात संत्र्यांनी भरलेल्या टोपल्यांची तोंडं सुतळीनं शिवत होते. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, उठून माझ्यासमोर आले आणि आईसारखाच माझ्या हनुवटीला हात लावला.

"कसं झालं वं?"

"सारं आलं. एकच चुकलं, बाबा."

"मंग हासून काहून राहिली?"

मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर टोपल्या शिवू लागले.