पेंटरचा डावा पाय

मावशी दमली होती, आणि दमली म्हणजे घटकाभर आडवी होऊन भागेल अशी नाही. गेली सव्वीस वर्षं ती दवाखान्याच्या पुरुष वॉर्डात आया होती. सोमवार ते शनिवार काम एकच, बापे उचलायचे. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत खाटेवर. उचलताना पेशंट गळ्यात पडतो, कण्हतो, आणि वर 'सावकाश गं मावशी' असं ऐकवतो. तिला कुणी सावकाश उचलावं असा जगात एक माणूस नव्हता. नवरा कधीच गेला होता. घरी सासू होती, तीही उचलायचीच.

उरला रविवार. रविवारी सकाळी सातला ती शाळेच्या व्हरांड्यात ताई ची या संथ चिनी व्यायामाच्या वर्गाला यायची. कंबर धरली म्हणून नऊ वर्षांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी धाडलं होतं. कंबर काही सुटली नाही, पण शेवटच्या अर्ध्या तासात जोड्या लावून जो खेळ चालतो त्याची तिला चटक लागली. पुश हँड्स म्हणतात त्याला. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट चिकटवायचं आणि हात गोल फिरवत ठेवायचे. ताकद लावायची नाही. समोरच्याचा भार कुठे जातोय ते मनगटातून ओळखायचं, आणि तो जरा कच्चा सापडला की हलकेच ढकलून द्यायचं. ज्याचा पाय जागचा हलला तो हरला.

तिचा जोडीदार पहिल्यापासून पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि इमारतींवरच्या जाहिराती रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता. माणूस मोठा खट. पहिल्या वर्षी त्याने तिला निदान शंभर वेळा भिंतीपर्यंत ढकलत नेलं, आणि वर हसायचा. बाई आहे, दमून आली आहे, असली दयामाया त्याच्या गावी नव्हती. मावशीला तेच आवडलं. आठवड्यातून अर्धा तास का होईना, समोरचा माणूस स्वतःच्या पायांवर उभा असायचा.

मग सहा महिन्यांपूर्वी पेंटरचा डावा पाय बिघडला. बघून कुणाला कळलं नसतं. भार मागे घेताना पाय किंचित उशिरा टेकायचा, इतकंच. मावशीच्या मनगटाला पहिल्या फेरीतच कळलं. असले पाय तिने वॉर्डात ढिगाने पाहिले होते. आता सरळ सांगून टाकावं की नाही? पण तो डगमगतोय असं वाटताच तिचा हात आपसूक त्याच्या कोपराखाली गेला, वॉर्डात जातो तसा, आणि तिने त्याला अलगद सावरलं. पेंटरला पत्ताही लागला नाही. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. ती ढकलल्याचं सोंग करायची आणि आतून त्याला धरून ठेवायची. सांगितलं तर हा यायचाच बंद होईल, ही धास्ती. घरी जाताना खांदे भरून यायचे. बाईने सुट्टीचा दिवसही आपल्या हाताने कामाला जुंपला, याला काय म्हणावं!

पेंटर मात्र फुगत चालला. रोज बापे उचलणारी बाई आपल्याला तसूभर हलवू शकत नाही, हे त्याने गल्लीभर करून सोडलं.

एका गुरुवारी पेंटरची लेक वॉर्डात आली. बापाला पाच मजली भिंत रंगवायचं काम आलं होतं, दोरांवर लोंबकळणाऱ्या फळीवर उभं राहून. घरच्यांनी दोन वर्षांपूर्वीच त्याचं उंचावर चढणं बंद केलं होतं, पण आता तो हटून बसला होता. सोमवारी जाणार म्हणजे जाणार.

"ते म्हणतात, मावशीला विचारा," लेक म्हणाली. "तुम्ही सांगा मावशी, पाय पक्के आहेत ना त्यांचे?"

मावशी तोंड उघडणार तोच नऊ नंबरच्या खाटेने हाक मारली, आणि ती चक्क सुटका झाल्यासारखी तिकडे पळाली. रविवारी बघते, एवढंच जाता जाता म्हणाली. नंतरचे दोन दिवस ती मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती.

रविवारी मनगटं जुळली. पेंटर मजेत होता, उद्याची अक्षरं किती फुटी ते सांगत होता. बोलून हा माणूस ऐकायचा नाही, हे मावशीला ठाऊक होतं. तिने हात फिरवता फिरवता त्याला जरा मागे लोटलं. भार मागे गेला, पाय उशिरा टेकला, आणि तिचा हात कोपराकडे निघाला. तिने तो दातओठ खाऊन आवरला. पेंटर धपकन खाली बसला.

तो हसला. फरशी ओली आहे म्हणाला. फरशी कोरडी ठणठणीत होती. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी तिने लोटलंही नाही, नुसतं मनगट काढून घेतलं, आणि तो गुडघ्यावर आला. मग मात्र तो हसला नाही. बाकीच्या जोड्या थांबून बघायला लागल्या, तसं वर्गाच्या सरांनी सगळ्यांना मैदानावर पिटाळलं.

"कधीपासून?" पेंटरने विचारलं.

"सहा महिने झाले."

"म्हणजे सहा महिने तुम्ही मला धरून उभं केलंत?"

मावशीने होकाराची मान हलवली. त्याने डावा पाय हाताने चाचपून पाहिला.

"आणि मी घरी सांगतोय, मावशीला दमवून येतो म्हणून."

"दमवलंतच की," मावशी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. नऊ वर्षांत ती त्याच्यासमोर कधी रडली नव्हती. "मी पार दमलेय हो, पेंटर. एक तुम्हीच होता, ज्यांना धरावं लागत नव्हतं."

बसल्या जागेवरून पेंटरने लेकीला फोन लावला, उद्या जात नाही म्हणाला, डॉक्टरांचा नंबर घेऊन ठेव म्हणाला. मग भिंतीला धरून, तिला हात लावू न देता, कसाबसा उभा राहिला. पुढच्या रविवारपासून दुसरा जोडीदार बघा, असं त्याने तिला सांगितलं. मावशी नको म्हणाली नाही. तो आता समोर उभा राहिला तरी आपला हात त्याला खरं ढकलणार नाही, हे तिलाही कळत होतं.

व्हरांड्याला तीन पायऱ्या होत्या. पेंटर पहिल्या पायरीशी थांबला आणि आपणहून कोपर पुढे केलं. मावशीने ते धरलं. दुसऱ्या पायरीवर दोघंही थांबली, कारण दोघांनाही दम लागला होता.