चार नंबरच्या जागेचा ताबा

आम्ही सांगलीत राहायला आलो तेव्हा फ्लॅटला ब्लॉक म्हणत, आणि तीन मजली इमारत कशी असते ते बघायला गावाकडून, माण तालुक्यातून पाहुणे येत. वर बारा ब्लॉक, खाली नुसते खांब. त्या खांबांमधल्या फरशीवर चुन्याच्या पट्ट्या मारून गाड्यांसाठी सहा जागा आखलेल्या. बारा बिऱ्हाडांत मिळून स्कूटरी होत्या तीन. तरी त्या सहा जागांपायी माणसं काय थराला जातात ते मी सोळाव्या वर्षी पाहिलं, आणि अजून त्याचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सहापैकी दोन जागा विकल्या गेलेल्या होत्या, ब्लॉकच्या खरेदीखतातच तसं लिहिलेलं होतं. उरलेल्या चार सोसायटीने चिठ्ठ्या टाकून नेमून दिल्या. वडिलांना चार नंबर मिळाला, जिन्याला लागून. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, लढाईत डावा गुडघा गेलेला. पाय वाकत नसे. माधवनगरच्या एका गिरणीत त्यांना पहाऱ्यावरच्या माणसांचा प्रमुख म्हणून नोकरी लागली होती. साताऱ्यात भाड्याच्या खोलीत असताना नोंदवलेली स्कूटर कैक वर्षांनी हातात आलेली. सपाट फरशीवर, एका हाताने खांबाला धरून, त्यांना ती स्टँडवर चढवता-उतरवता येई, किक मारता येई. उतारावर नाही. चार नंबरची जागा म्हणजे आमच्या वडिलांचं कुणाला हाक न मारता कामावर जाणं होतं.

शेजारची तीन नंबरची जागा एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या मालकीची. त्याच्याकडे गाडी नव्हती. तिथे हळदीची पोती. जिना चढणाऱ्या प्रत्येकाला शिंका, पण बोलणार कोण? जागा त्याची, खरेदीखतातली. मी कुरकुर केली की वडील म्हणत, "त्येची हाय, त्यो काय बी करंल. आपली नेमून दिल्याली हाय. फौजेत सगळं नेमून दिल्यालंच असतंय. हुकूम हाय तवर कोण हलवतंय?"

हा भाबडेपणा मला तेव्हाही चीड आणायचा.

मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना तीन महिने पुण्याला जायचं ठरलं. फौजेतली सवय अशी की रजेवर जायचं तर आपल्याकडच्या वस्तूंचा चार्ज लेखी देऊन जायचं आणि आल्यावर लेखी परत घ्यायचा. इतर कुठल्याही माणसाने जागेत स्कूटर झाकून ठेवली असती आणि गेला असता. आमच्या वडिलांनी स्कूटर गिरणीच्या शेडमध्ये नेऊन ठेवली आणि मला कागद घ्यायला लावला. माझं अक्षर चांगलं ना! ते सांगत गेले, मी लिहीत गेले: 'जागा नंबर चार, झाडून स्वच्छ, भिंतीत लोखंडी हूक एक, साखळी एक. ताबा आज रोजी सेक्रेटरींकडे दिला.' परत कधी घेणार ते लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, त्यांना ते लिहायची गरजच वाटली नाही. दिलेला चार्ज परत येतोच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

ऑपरेशन होऊनही पाय तसाच घेऊन ते पुण्याहून परतले तेव्हा व्यापाऱ्याने मोटार घेतलेली होती. मोटार तीन नंबरमध्ये आणि पोती चारमध्ये.

सेक्रेटरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले कारकून, आवाज लोण्यासारखा. वडिलांपुढे त्यांनी माझ्याच अक्षरातला कागद धरला. "सुभेदारसाहेब, ताबा तुम्हीच लेखी सोडलात. मग सोसायटीने जागा दुसऱ्याला नेमून दिली. रीतसर."

सभा झाली. गच्चीवर सतरंजी, चहा, सगळं साग्रसंगीत. वडिलांनी उभं राहून एवढंच सांगितलं, "आवं, चार्ज दिला म्हंजे सोडला न्हवं." कुणीतरी हसलं. मी मागून ओरडले, की कागद मी लिहिलाय, त्याचा अर्थ मला विचारा, आणि एका माणसाला दोन जागा कशा देता तेही सांगा! अध्यक्ष म्हणाले, सभेत सभासदच बोलतात. मी पुढे काही बोलणार तोच वडील वळून म्हणाले, "खाली बस. सभेचा निर्णय हाय." बाकीच्या अकराजणांत एकानेही आमच्या बाजूने हात वर केला नाही. ज्यांच्या घरी आमच्या आईने बाळंतपणात डबे पोचवले होते, तेही चहा पीत बसले.

त्यांच्यापेक्षा मला वडिलांचा राग जास्त आला होता. खोटं कशाला बोलू.

त्यानंतर स्कूटर फाटकाबाहेरच्या उतारावर. रोज सकाळी वडील जिन्याखाली उभे राहून कोण येतंय याची वाट बघत. कुणी दिसलं की म्हणत, "जरा धरता का?" हा माणूस घरात पाण्याचा तांब्या मागत नसे. पहिल्या पावसाळ्यातच गाडी त्यांच्या अंगावर कलंडली. फार लागलं नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांनी ती विकली आणि वाकत नसलेला पाय घेऊन माधवनगरच्या बसच्या रांगेत उभे राहू लागले. जिन्याशी पोती तशीच. येताजाता मी पोत्यांना लाथ मारायची, पिवळी पावलं घेऊन घरात यायची, आणि आई निमूट फरशी पुसायची.

दोन वर्षांनी व्यापाऱ्याने बंगला बांधला आणि ब्लॉक विकला. तीन नंबर त्याने ब्लॉकबरोबर विकला, मालकीचाच होता. चार नंबरही विकायला निघाला होता, पण घेणाऱ्याच्या वकिलाने कागद मागितला. नेमून दिलेल्या जागेचा कसला कागद! विकता येईना, तेव्हा ती सोसायटीकडे परत आली आणि सेक्रेटरी हसत आमच्या दारात. "घ्या सुभेदारसाहेब, तुमची जागा तुम्हाला."

मला वाटलं, वडील आता तरी दार लावून घेतील. ते जिना उतरून खाली गेले, मागोमाग मी आणि सेक्रेटरी. जागा नीट पाहिली, भिंत चाचपली. मग मला म्हणाले, "कागद आण. चार्ज घ्याचाय."

मी म्हटलं, "अण्णा, आता तिथं लावायला काय आहे आपल्याकडं?"

"लिव तू."

मी लिहिलं. जागा नंबर चार, झाडलेली नाही. हूक नाही. साखळी नाही. तिथे ते सांगायचे थांबले. मी थांबले नाही. खाली माझ्या मनाने लिहिलं: 'स्कूटर नाही. दोन पावसाळे कमी.'

वडिलांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. आता खोडतील म्हणून मी पेन घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांनी ते माझ्या हातून घेतलं, खाली सही केली आणि कागद सेक्रेटरींपुढे धरला.

"हे शेवटचं कशाला?" सेक्रेटरींचा लोण्यासारखा आवाज पहिल्यांदा चिरकला.

"कमी भरलं त्ये लिवायचं असतंय," वडील म्हणाले. "करा सही."