शिंपीकाकांचं बघणं

आमचे काका शिंपी. गिऱ्हाईक दाराशी आलं की ते मान वर करतात, एकदाच बघतात आणि पुन्हा मशीनवर झुकतात. तेवढ्यात छाती, कंबर, आत ओढून धरलेलं पोट, सगळं त्यांना कळलेलं असतं. दुसऱ्यांदा बघावं लागलं तर तो शिंपी कसला, असा त्यांचा तोरा.

परदेशात वाढलेली पाच वर्षांची नात पहिल्यांदाच त्यांच्याकडे राहायला आली. तिला इंग्रजीशिवाय काही येईना, आणि काकांचं इंग्रजी टेपवरच्या इंचांपाशी संपलेलं. म्हणून तिच्या आईने, म्हणजे काकांच्या लेकीने, त्यांची शिकवणी लावली. ‘सी’ म्हणजे आपसूक दिसणं, ‘लुक’ म्हणजे मुद्दाम नजर टाकणं, ‘वॉच’ म्हणजे बघत राहणं.

“एका बघण्याला तीन-तीन शब्द? तुझ्या आईला लग्नापासून एकाच शब्दात बघतोय मी!”

“बघितलंत कधी?” काकू आतून म्हणाल्या.

नात उद्या परत जायची होती, आणि अजून आजोबांच्या जवळ फिरकली नव्हती. काका वरवर हसत, पण आतून झुरत होते.

दुपारी ती आईबरोबर दुकानात आली. पडद्यांचं झिरझिरीत कापड अंगाभोवती घेऊन म्हणाली, “वॉच मी, ग्रँडपा!” आणि गिरकी घेतली. काकांनी मान वर केली, बघितलं, “व्हेरी गुड” म्हणाले आणि शिवण पुढे सुरू. पुन्हा हाक, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने कापड टाकलं आणि दाराकडे निघाली.

“अगं, बघितलं की! पहिल्या झटक्यात बघितलं!”

“बाबा,” लेक म्हणाली, “ते लुक झालं. ती काय मापं द्यायला उभी आहे?”

काकांचा पाय मशीनच्या पायडलवरून सुटला. मशीन थांबलं. त्यांनी स्टूल फिरवलं, हात मांडीवर ठेवले आणि हळूच म्हणाले, “वॉच. आय वॉच.”

नातीने त्यांना जरा निरखलं आणि कापड उचललं.

खिडकीतलं ऊन त्या पांढऱ्या कापडात शिरलं. पोर कधी ढग झाली, कधी मासोळी. तिच्याबरोबर दोऱ्यांची रिळं, कात्र्या, अर्धे शिवलेले सदरे, सगळं दुकानच संथ तरंगायला लागलं. काकांचं तोंड उघडं ते उघडंच.

“झाला का हो माझा कोट?” दारातून गिऱ्हाईक.

“बसा,” काका मान न वळवता म्हणाले. “वेळ लागेल.”

गिऱ्हाईक बसलं, आणि तेही बघत राहिलं.

शेवटी गरगरून पोरीचा तोल गेला. धडपडत ती थेट काकांच्या मांडीवर येऊन आदळली आणि तिथेच राहिली.