गुण्याकाकांची लाल टीक

सुतारकाम मंडळात सगळे त्यांना गुण्याकाका म्हणत. काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार म्हणजे गुण्या. तो वस्तूला लावला की ती कुठे तिरकी गेली आहे ते लगेच कळतं. हे नाव मंडळातल्या प्लंबरनं ठेवलं होतं, थट्टेनं. काकांनी ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं.

मंडळ म्हणजे अकरा हौशी माणसं आणि बंद पडलेल्या लाँड्रीची एक लांबलचक खोली. भिंतींना पांढऱ्या फरशा, जमिनीच्या मधोमध पाणी वाहून जायची पन्हळ. त्या पन्हळीत आता ढलप्या साचत. दर शनिवारी दुपारी दोनला कुलूप उघडे आणि सहाला लागे. मंडळाचे प्रमुख होते निवृत्त मुख्याध्यापक, हेडसर. त्यांनी एकच नियम घातला होता. लाकडाला करवत किंवा पटाशी लागण्याआधी पेन्सिलीच्या खुणा दुसऱ्या कुणीतरी तपासायच्या आणि शेजारी टीक करायची. प्लंबरनं एका शाळेच्या कपाटाचं दार चार बोटं आखूड कापलं, त्यानंतरचा हा नियम.

तपासणारा कुणीही चालेल असं नियमात होतं. प्रत्यक्षात नऊ वर्षं तो मान गुण्याकाकांचा होता. भूमापन कार्यालयात त्यांनी चौतीस वर्षं नकाशे तपासले होते, इतरांनी काढलेले. त्यांनी स्वतः काढलेला एकही नकाशा कुणाच्या भिंतीवर लागला नाही, पण त्यांच्या लाल टीकेशिवाय एकही नकाशा दाराबाहेर गेला नाही. तीच लाल पेन्सिल शर्टाच्या खिशात घालून ते शनिवारी यायचे. ‘काका, जरा बघता का?’ हे चार शब्द ऐकायला ते पावणेदोनलाच कुलपापाशी उभे असत.

आठ महिन्यांपूर्वी कटरबाई आल्या आणि हे चार शब्द कमी ऐकू यायला लागले.

त्या कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या. साठ-साठ थरांचा गठ्ठा एका फटक्यात. ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या, हसताना बाकडं धरून हसणाऱ्या. पहिल्या शनिवारी त्यांना रंधा कसा धरायचा ते माहीत नव्हतं. तिसऱ्या शनिवारी त्यांच्या रंध्यातून एवढी पातळ ढलपी निघाली की प्लंबरनं ती डोळ्यांसमोर धरून तिच्यातून खिडकी बघितली. पाचव्या महिन्यात त्यांनी झाकणाची एक पेटी केली. कोपरे एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखे बसवलेले.

“बाई, तुमचं लाकूड ऐकतं,” हेडसर सगळ्यांदेखत म्हणाले.

नऊ वर्षांत काकांना सर असं काही म्हणाले नव्हते. “छान, नेटकं,” एवढंच म्हणायचे. नेटकं तर डबा घासल्यावरही म्हणतात.

सगळे चहाला गेल्यावर काकांनी त्या पेटीच्या कोपऱ्यात कागदाची कड सरकवून बघितली. कागद आत जाईना. दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. कुठेच जाईना. घरी जाऊन त्यांनी कपाटावरची स्वतःची पेटी काढली. तिच्यात कागद गेला. आत जाऊन आरामात हलला.

“शनिवार संपला की तुमचं तोंड असं का होतं?” बायकोनं विचारलं.

“कसं?”

“शेजाऱ्याकडे मोठा टीव्ही आल्यासारखं.”

“काहीतरी बोलू नकोस.”

“मी कुठे बोलतेय? तोंडच बोलतंय.”

त्यातच वाचनालयाच्या टेबलाचं काम आलं. लहान मुलांच्या खोलीसाठी बारा जणांचं एक मोठं टेबल मंडळानं करून द्यायचं ठरलं. एक जुनं गोदाम पाडत होते, तिथल्या दोन तुळया मिळाल्या. लाकूड ऐंशी वर्षं मुरलेलं, मधाच्या रंगाचं. त्यातून फळ्या निघाल्या, पट्ट्या निघाल्या आणि बरोबर चार पाय निघाले. पाचवा निघेल एवढं लाकूड उरलं नाही.

पाय म्हणजे टेबलाचा जीव. सगळे जोड पायांतच. काकांनी मनातल्या मनात ते पाय केव्हाच स्वतःच्या नावावर केले होते.

“पाय कटरबाई करतील,” हेडसरांनी कामं वाटताना सांगितलं. “काका, तुम्ही तपासणी बघा. तुमच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही.”

“अर्थात,” काका म्हणाले.

“मला भीती वाटते हो, काका,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आहात म्हणून हात घालते.”

काकांना हे बोलणं खरं वाटलं आणि म्हणून जास्तच झोंबलं.

पुढच्या शनिवारी बाईंनी चारही पाय बाकड्यावर शेजारी शेजारी मांडले आणि त्यांना बोलावलं. फळीखाली पाय जोडणाऱ्या पट्ट्यांपैकी टेबलाच्या लांब बाजूची पट्टी रुंद होती, आखूड बाजूची अरुंद. म्हणजे प्रत्येक पायाच्या लागून असलेल्या दोन अंगांवर दोन खाचा पाडायच्या, एक मोठी, एक लहान. दोन पायांना मोठी खाच लहानीच्या उजवीकडे यायला हवी होती आणि दोन पायांना डावीकडे. डावे आणि उजवे पाय, जोड्यातल्या चपलांसारखे. बाईंनी चारही पायांवर मोठी खाच उजवीकडेच आखली होती.

काकांना ते तिसऱ्या सेकंदाला दिसलं. चूक कुठून आली तेही कळलं. कापड दुमडून, समोरासमोर ठेवून कापलं की डावी बाही आणि उजवी बाही आपोआप निघते. बाईंनी चाळीस वर्षं असंच कापलं. लाकूड दुमडता येत नाही.

रेघा मात्र अप्रतिम होत्या. केसासारख्या, एकही पुन्हा गिरवलेली नाही. पलीकडे प्लंबर हेडसरांना सांगत होता, “सर, पुढच्या वर्षी नव्या लोकांना शिकवायला बाईंनाच बसवा. काका शिकवतात तेव्हा परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.”

हेडसर हसले. नाही म्हणाले नाहीत.

काकांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. पहिल्या पायावर टीक केली, तो बरोबरच होता. दुसऱ्यावर केली. तिसरा आणि चौथा चुकीचे होते. तिसऱ्यावर टीक करताना पेन्सिल किंचित थांबली, मग तीही झाली. चौथी सरळ झाली.

“ठीक?” बाईंनी विचारलं.

“नेटकं आहे,” काका म्हणाले.

पुढचा आठवडा त्यांनी स्वतःला समजावण्यात घालवला. बाई पटाशी उचलायच्या आधी स्वतःच बघतील. हेडसर बघतील. बाईंचा नंबर फोनमध्ये होता, बुधवारी त्यांनी तो उघडलासुद्धा. पण मग सांगायचं काय? शनिवारी दिसलं नव्हतं, आता घरबसल्या दिसलं? त्यांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातला एक खण उगाचच काढून घासून बसवला. तो आधी सरळ सरकायचा, आता अडकायला लागला.

“काय झालंय तुम्हाला?” बायको म्हणाली.

“काही नाही.”

“त्या बाईंनी आणखी काही चांगलं केलं वाटतं.”

शनिवारी ते पहिल्यांदाच उशिरा पोचले, सव्वातीनला. शनिवारी नात सांभाळायची असल्यामुळे उशीर होईल असं वाटून बाई किल्ली मागून घेऊन शुक्रवारीच येऊन काम करून गेल्या होत्या. आठही खाचा पाडून तयार होत्या. आतून गुळगुळीत, तळ सपाट. अशा खाचा काकांनी जन्मात पाडल्या नव्हत्या.

मग सरस न लावता नुसती जुळणी करून बघायला सगळे जमले. लांब बाजूचा पहिला पाय उभा केला, रुंद पट्टी बसवली. टक्क आवाज करून बसली. दुसरा पाय आणला. रुंद पट्टीच्या समोर लहान खाच आली. प्लंबरनं पाय फिरवला. आता मोठी खाच पट्टीसमोर आली, पण लहान खाच बाहेरच्या अंगाला गेली. त्यानं तो उलटा केला. पाय डोक्यावर उभा राहिला आणि खाचा जमिनीपाशी आल्या.

“अरे, हा पाय कुणाचा आहे? आपल्याच टेबलाचा ना?” प्लंबर म्हणाला.

बाईंच्या ध्यानात सगळ्यांच्या आधी आलं. त्या खाली बसल्या, चारही पाय एका रांगेत ठेवले आणि तोंडावर हात घेतला.

“चारही एकाच हाताचे,” त्या म्हणाल्या. “दोन उजव्या बाह्या आणि अजून दोन उजव्या बाह्या. माझंच चुकलं. एवढं चांगलं लाकूड.” त्यांचा मोठा आवाज इतका लहान झालेला काकांनी कधी ऐकला नव्हता. आठ महिने ज्याची वाट बघितली तो आवाज हाच होता. ऐकून बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. थोडंसं वाटलंही.

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांनी एक पाय उजेडात धरला. हे डॉक्टर मंडळातले सगळ्यात वयस्कर सभासद. “टीक आहे इथे,” ते म्हणाले. “चारही पायांवर आहे.”

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका शिव्या ऐकायच्या तयारीनं ताठ उभे होते. शिव्या आल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट काहीतरी आलं.

“अहो काका, मनाला लावून घेऊ नका,” डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “मोतीबिंदू असणार. माझं असंच झालं होतं. मला तर दाढ आणि सुळा सारखेच दिसायला लागले होते.”

“पेशंटला कळलं का?” प्लंबरनं विचारलं.

“गप रे. काका, मी नंबर देतो एका डोळेवाल्याचा.”

“उशीरही झाला होता त्या दिवशी. उजेड कमी असेल,” बाई म्हणाल्या. स्वतःचे डोळे भरलेले असताना त्या त्यांना सांभाळून घेत होत्या. “मीच घाई केली. काकांना नीट बघूच दिलं नाही.”

हेडसरांनी आवाज अगदी मऊ केला, शाळेत मागे पडलेल्या मुलाशी करत असतील तसा. “आम्हीच तुमच्यावर फार भार टाकला. आता तपासणी प्लंबर करेल. तुम्ही आरामात यायचं, बसायचं, गप्पा मारायच्या.”

बसायचं, गप्पा मारायच्या. प्लंबर तपासणार, ज्यानं दार चार बोटं आखूड कापलं होतं. काकांनी मान हलवली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. डॉक्टरांचा नंबर खिशात घालायचा, चष्मा बदलायचा, सगळ्यांची माया घ्यायची. पण चौतीस वर्षं एका मिलिमीटरसाठी नकाशे परत पाठवलेल्या माणसाला आंधळा म्हणवून घेणं जमेना. हे प्रामाणिकपणापोटी नव्हतं. नजरेच्या अभिमानापोटी होतं.

“माझे डोळे उत्तम आहेत,” ते म्हणाले. “मला दिसलं होतं.”

“काय दिसलं होतं?” हेडसर.

“चारही सारखे आखलेत ते. तेव्हाच दिसलं.”

“आणि टीक केलीत,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“चारही वेळा?”

“दोन बरोबर होते.”

“म्हणजे दोन वेळा.” बाई उठल्या. गुडघ्यांवरचा भुसा त्यांनी झटकला. “माझ्याबद्दल तुमच्या पोटात दुखतं ते मला ठाऊक होतं हो. बायकांना कळतं ते. मला वाटलं, दुखेना का. माझ्यावर राग काढतील, टोमणे मारतील. पण लाकडावर काढाल असं नव्हतं वाटलं. त्यानं काय केलं होतं तुमचं?”

काकांकडे उत्तर एकच होतं: तुमच्या पेटीत कागद जात नाही.

त्यांना कुणी काढलं नाही. मंडळाच्या नियमांत तशी सोयच नव्हती. हेडसरांनी एवढंच सांगितलं की तुमची टीक आता चालणार नाही आणि ते दोन पाय तुम्हीच दुरुस्त करायचे. चुकीच्या खाचा बुजवून, नव्या पाडून. आणि बुजवलेलं दिसलं तर पुन्हा करायचे.

काका पाच शनिवार कोपऱ्यातल्या बाकड्यावर एकटे बसले. तुळईच्या उरलेल्या तुकड्यांतून रेषेला रेषा जुळणारं लाकूड शोधण्यात दोन शनिवार गेले. ठोकळे घासून घासून ते खाचांत दाबून बसवले, वरून रंधा फिरवला. नव्या खाचांच्या खुणा प्लंबरनं तपासल्या. गुण्या त्यानं आधी उलटा धरला, काका बघत राहिले. चहाच्या वेळी बाईंभोवती घोळका असे, त्यांच्या हसण्यानं कपबशा वाजत. त्या काकांशी बोलायच्या. जेवढ्यास तेवढं, सरस कुठे आहे, शिकंजा रिकामा आहे का. पाचव्या शनिवारी काकांनी जोडावरून नख फिरवलं आणि त्यांना नख कुठेच अडलेलं जाणवलं नाही. रेषा एका लाकडातून दुसऱ्यात न थांबता जात होती. हेडसरांनी चष्मा लावून, चष्मा काढून बघितलं आणि शेवटी विचारलं, “कुठल्या अंगाला होतं?”

काकांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं.

टेबल वाचनालयात पोचवलं तेव्हा मंडळातले सगळे गेले होते. ग्रंथपाल बाई टेबलाभोवती दोनदा फिरल्या, वाकल्या, काकांनी दुरुस्त केलेल्या एका पायावरून, नेमक्या बुजवलेल्या जागेवरून त्यांनी तळहात फिरवला. हात कुठे थांबला नाही.

“काय सुंदर पाय आहेत! कुणी केले?”

“यांनी,” प्लंबर, डॉक्टर आणि हेडसर एकदमच म्हणाले आणि कटरबाईंकडे हात केले.

कटरबाईंनी काकांकडे बघितलं. काका बोलले असते तर ग्रंथपाल बाईंना ती जागा दाखवता आली असती, आणि ती का बुजवावी लागली तेही सांगावं लागलं असतं.

“मी केले,” कटरबाई म्हणाल्या. “सगळ्यांनी मिळून.”

ग्रंथपाल बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि टेबलाच्या पृष्ठभागावर कुठे उंचवटा दिसतो का ते तिथून बघू लागले.